कललेली गाडी

लिफ्ट किट बसवून गाडी जॅकवरून खाली उतरली की मालक दहा पावलं मागे जातो. एक डोळा मिटून बोनेटच्या रेषेकडे बघतो, जरा बाजूला सरकून पुन्हा बघतो. मग ते वाक्य येतं. जालन्यात अंबड चौफुलीपासून मंठा चौफुलीपर्यंत कुठल्याही गॅरेजात ते कानावर पडू शकतं : "उस्ताद, गाडी कलली की हो!"

उस्तादांचं उत्तरही ठरलेलं असतं. "नवी स्प्रिंग आहे भाऊ. चालवा आठ दिवस, बसंल आपोआप."

आठ दिवसांनी स्प्रिंग थोडी बसते, कल मात्र तसाच राहतो. मग जी बाजू खाली दिसते तिथे एक वॉशर किंवा रबराची चकती सरकवली जाते. गाडी डोळ्याला सरळ दिसू लागते. महिन्याभरात स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागतं, एका टायरची आतली कड खरवडली जाते आणि दोष अलाइनमेंटवाल्याच्या माथी जातो. गाडी का कलली हा पहिला प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

हा प्रश्न जालन्यात पडावा याला कारणं आहेत. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा झालेला हा जिल्हा पोलाद, बियाणं आणि मोसंबीसाठी ओळखला जातो. इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही आहे. पण बाजारात येण्याआधी ती मोसंबी बागेतून निघते, आणि बागेची वाट पाणंदीची असते. काळ्या मातीवर एक दमदार सर पडली की चाकोऱ्या इतक्या खोल होतात, की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. बोलेरोचा ग्राउंड क्लिअरन्स १८० मिलिमीटर, २०२० च्या थारचा २२६. हा ४६ मिलिमीटरचा फरक शोरूममध्ये किरकोळ वाटतो. ओल्या पाणंदीत मात्र गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागणार की नाही, हे तोच ठरवतो. त्यात भर हौसेची. उंच गाडी वरातीत उठून दिसते आणि निवडणुकीच्या दिवसांत तर जास्तच.

म्हणून दोन इंचांची लिफ्ट बसवली जाते. कॉइल असेल तर लांब स्प्रिंग किंवा वर स्पेसर, पाटे असतील तर एखादा पाटा वाढवायचा किंवा लांब शॅकल घालायचं. २०१० ते २०२० या काळातल्या जुन्या थारच्या काही मॉडेलांना पुढे टॉर्शन बार होते. तिथे ॲडजस्टरचा बोल्ट पिळला की पुढची उंची फुकटात वाढे.

उंचीआधीचा तिरकेपणा

लिफ्टमुळेच गाडी कलते हा समज अर्धाच खरा आहे. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्या मुळातच थोड्या तिरक्या असतात. स्टिअरिंगची यंत्रणा, बॅटरी, इंधनाची टाकी, चालक ही वजनं मधोमध नसतात. अमेरिकेत टोयोटाच्या टाकोमा पिकअपचा चालकाच्या बाजूचा कल इतका परिचित आहे, की त्याला 'टाको लीन' असं नावच पडलं. तो भरून काढायला एका बाजूसाठी पाव इंच जाड स्पेसर विकतही मिळतो.

जुन्या गाड्या बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. युद्धकाळातल्या विलीज जीपचे पुढचे डावे-उजवे पाटे एकसारखे नसत. लँड रोव्हरच्या जुन्या मालिकेतही चालकाच्या बाजूचा पाटा वेगळ्या क्रमांकाचा असे. १९४७ पासून मुंबईत महिंद्राने जोडलेल्या जीपचा वंश याच विलीजचा. बाजारातल्या अनेक किटमध्ये मात्र दोन्ही बाजूंचे भाग तंतोतंत सारखे येतात. मूळ स्प्रिंगांमध्ये डाव्या-उजव्याचा फरक असेल, तर सारखे भाग बसवताच कंपनीने झाकलेला कल उघडा पडतो.

शिवाय उंच गाडीकडे मालक निरखून बघतो. आधीचा सहा मिलिमीटरचा फरक त्याने कधी पाहिलेलाच नसतो. खर्च केल्यावर तो दिसतो आणि तो कालच पडला असं वाटतं. किट बसवण्याआधी चारही कोपऱ्यांची मापं घेऊन ठेवली, तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

फरशीचं काय?

माप कुठून घ्यायचं? जमिनीपासून मडगार्डपर्यंत घेतलं तर टायरची हवाही त्यात मिसळते. एका टायरमध्ये २२ पौंड आणि दुसऱ्यात ३२ असेल, तर दोष स्प्रिंगवर येतो. म्हणून चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, अगदी उभ्या रेषेत मोजायचं. त्याआधी चारही टायरची हवा सारखी करायची, मागचं सामान उतरवायचं, थोडी गाडी चालवून आणायची आणि हँडब्रेक न लावता सपाट जागी उभी करायची.

सपाट जागा, हीच जालन्यातली मोठी अडचण. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पुरेसा भराव न घालता टाकलेली शहाबादी फरशी दोन-तीन पावसाळ्यांत एका कोपऱ्यात उचलते, दुसऱ्या कोपऱ्यात खचते. डोळ्याला ती सपाटच दिसते. डांबरी रस्ताही सपाट नसतो. पाणी वाहून जावं म्हणून त्याला बाजूकडे अडीच टक्क्यांपर्यंत उतार देतात. दीड मीटर रुंदीच्या गाडीखाली तो ३७ मिलिमीटर होतो. रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या गाडीवरून निकाल देणारा उस्ताद रस्ताच मोजत असतो.

यावर एक सोपी कसोटी आहे. गाडी फिरवून, तोंड उलटं करून त्याच जागी उभी करायची. कल बाजू बदलून आला, तर दोष जमिनीच्या उताराचा.

पण फरशी पिळलेली असेल, म्हणजे समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि उरलेले दोन खाली असतील, तर गाडी फिरवूनही काही कळत नाही. पीळ उलट्या तोंडाच्या गाडीलाही तसाच भेटतो. तो पकडायला बेरीज लागते. उदाहरणादाखल, पुढे कॉइल आणि मागे पाटे असलेली एक गाडी घेऊ. लिफ्टच्या आधीची मापं, मिलिमीटरमध्ये : पुढे उजवीकडे ४७०, डावीकडे ४७६, मागे उजवीकडे ४९८, डावीकडे ५००. किट बसवल्यावर गॅरेजच्या अंगणात घेतलेली मापं : पुढे उजवीकडे ५१०, डावीकडे ५३०, मागे उजवीकडे ५४९, डावीकडे ५४१.

ही मापं बघून कुणीही म्हणेल, पुढचा उजवा कोपरा बसलाय, तिथे चकती घाला.

आता समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज करू. आधी पुढची उजवी आणि मागची डावी मिळून ९७०, उरलेल्या दोघींची ९७४. फरक चारचा. किटनंतर १०५१ आणि १०७९, म्हणजे फरक अठ्ठावीसचा. इथेच मापं खोटी ठरतात. गाडीचा सांगाडा ताठ आहे आणि चारही चाकं एका सपाटीत आहेत असं धरलं, तर कुठलीही स्प्रिंग कितीही लहान-मोठी केली तरी या दोन बेरजांमधला फरक बदलत नाही. टेबलाचे पाय कमी-जास्त केले तर टेबल कलतं, पण फळीला पीळ बसत नाही, तसंच हे. फरक चोवीसने वाढला याचा अर्थ फरशी पिळलेली आहे, टायर असमान आहेत किंवा टेप चुकीचा धरला. चेसीलाच पीळ बसलेला असण्याची शक्यता उरते, पण ती अपघात झालेल्या गाडीत आधी तपासावी.

फरशी तपासायला लेझर लागत नाही. गवंड्याची पाण्याची नळी पुरते. पारदर्शक नळीत बुडबुडा राहू न देता पाणी भरायचं, चार चाकांच्या जागा खडूने आखायच्या आणि प्रत्येक जागेची पाण्याची पातळी जमिनीपासून मोजायची. जिथे जागा खोल असेल तिथे तेवढ्याच जाडीची फळी किंवा फरशीचा तुकडा टायरखाली द्यायचा. आपल्या उदाहरणातली गाडी अशी सपाटीवर आणल्यावर मापं येतात : पुढे उजवीकडे ५१३, डावीकडे ५२७; मागे उजवीकडे ५४०, डावीकडे ५५०. बेरजांचा फरक पुन्हा चारवर. चित्रही बदललं. एकटा पुढचा कोपरा बसलेला नाही, आख्खी गाडी उजवीकडे कललेली आहे. पुढे चौदा, मागे दहा. आधी हाच फरक सहा आणि दोन होता. दोन्हीकडे आठ-आठने वाढलाय.

पुढचं की मागचं?

दोन्हीकडे सारख्याच आठने वाढला, हीच खरी गोम. सांगाडा ताठ असल्यामुळे पुढची एक स्प्रिंग ताठ झाली तरी आख्खी गाडी कलते आणि मागचा पाटा बसला तरी आख्खीच कलते. उंचीची मापं कल किती आहे ते सांगतात, तो कुणी आणला ते सांगत नाहीत. अनुभवी माणूसही इथे फसतो. मागची उजवी बाजू खाली दिसते, म्हणून उजवा पाटा उतरवून लोहाराकडे जातो.

त्याआधी अर्ध्या तासाची एक तपासणी करता येते. मागचा ॲक्सल सलग असेल तर त्याच्या बरोबर मध्यावर जॅक लावून मागची चाकं जेमतेम उचलायची. डिफरन्शियलचा गोळा बहुतेक एका बाजूला असतो, म्हणून मध्य टेपने काढायचा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट, ॲक्सलखाली दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून स्टँड. गाडीखाली हात घालायचा नाही, कुणी आत बसायचं नाही. आता मागचा ॲक्सल त्या एका टेकूवर तराजूच्या दांडीसारखा डुलतो, गाडीला सरळ किंवा तिरकी धरण्याचं बळ त्याच्यात उरत नाही. कल फक्त पुढच्या भागाच्या हाती. या स्थितीत पुढचा फरक मूळ सहावर आला, तर गुन्हेगार मागे आहे. तसाच राहिला किंवा वाढला, तर पुढे.

आपल्या गाडीत तो चौदावरून सतरावर जातो. मागचे पाटे निर्दोष सुटतात. उलट, मागचा भाग आतापर्यंत गाडी सावरून धरत होता.

पुढे काय काय बिघडू शकतं? सर्वात साधी चूक म्हणजे स्प्रिंग बाटीत नीट न बसणं. कॉइलच्या टोकासाठी बाटीत एक पायरी असते. टोक तिच्यावर चढून राहिलं, तर तेवढी उंची एका बाजूला वाढते. दुसरी चूक, जुना रबरी पॅड एका बाजूला राहून जाणं. तिसरी किटमधलीच. कॉइलचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. १५ मिलिमीटरच्या जागी तार १५.३ निघाली, म्हणजे जाडी दोन टक्क्यांनी वाढली, तर ताठपणा आठ टक्क्यांनी वाढतो. वजनाखाली १५० मिलिमीटर दबणारी स्प्रिंग मग १३९ दबते. अकरा मिलिमीटरचा कल इथेच जन्मतो. तो ओळखायचा तर डाव्या-उजव्या स्प्रिंगांची अदलाबदल करावी. कलही बाजू बदलून गेला तर स्प्रिंग परत करावी.

स्पेसर चाकावर नसून स्ट्रटच्या वर असतो, हेही विसरलं जातं. स्ट्रटचं खालचं टोक, चाकाला चेसीशी जोडणाऱ्या आर्मच्या, चेसीकडून दोन-तृतीयांशावर असेल, तर वरची पाच मिलिमीटरची चूक चाकाशी साडेसात होते. टॉर्शन बारच्या गाडीत दोन्ही बोल्ट सारखे फेरे पिळले म्हणून दोन्ही बाजू सारख्या उचलतीलच असं नाही. शिवाय ते बार डावे-उजवे वेगळे असतात. अदलाबदल झाली तर उंची जाते आणि पुढे बारही तुटू शकतो.

रबराची आठवण

आणि एक कारण असं, जे काहीतरी उघडल्याशिवाय दिसत नाही. आर्म चेसीला जिथे जोडलेला असतो, तिथे बुश असतो. आत लोखंडी नळी, बाहेर दुसरी नळी, मध्ये दोघींना चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चेसीला घट्ट धरली जाते, बाहेरची आर्मबरोबर फिरते, आणि मधलं रबर पिळवटतं. बोल्ट आवळला त्या क्षणी आर्म जिथे होता, ती जागा रबराच्या लेखी विश्रांतीची.

किट बसवताना गाडी जॅकवर असते, चाकं खाली लोंबत असतात. घाईत बोल्ट तिथेच आवळला, तर रबराची विश्रांती लोंबत्या जागी ठरते. गाडी खाली उतरली, आर्म वर आला, की रबर सतत त्याला खाली ढकलत राहतं. म्हणजे ती बाजू उंच राहते. दोन्ही बाजू अशाच आवळल्या तर दोन्ही उंच राहतात आणि किट छान वाटतं. एक बाजू जॅकवर आवळली, दुसरी जमिनीवर, तर गाडी कलते. कल जिकडे दिसतो त्याच्या विरुद्ध बाजूला दोष असतो. उजवीकडे कितीही चकत्या घाला, डावीकडचं रबर पिळवटलेलंच राहणार. काही महिन्यांत ते फाटतं. मग डावी बाजू खाली येते आणि उजवीकडे घातलेली चकती नवा, उलटा कल दाखवते.

उपाय जवळपास फुकट आहे. गाडी स्वतःच्या वजनावर, चाकं जमिनीला टेकलेली. दोन्हीकडच्या आर्मचे बोल्ट सैल करायचे, बोनेटवर भार देऊन गाडी चार-पाच वेळा दाबायची, पुढे-मागे ढकलायची आणि त्याच स्थितीत कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळायचे. पाट्यांच्या गाडीतही शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्यातले बोल्ट असेच.

पाटे आणि भट्टी

जॅकच्या तपासणीत मागचा भाग दोषी ठरला असता, तर गोष्ट लोहाराच्या भट्टीपर्यंत गेली असती. जालना सळयांचं शहर आहे. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि देशभरच्या बांधकामांत सळई होऊन उभं राहतं. पण सळईचं पोलाद आणि पाट्याचं पोलाद हे लांबचे नातलग. सळईत कार्बन मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे ती वाकवता येते. पाट्याच्या पोलादात तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो आणि सोबत सिलिकॉन, म्हणजे वाकवलेला पाटा परत येतो. जुन्या पाट्याचा कोयता खेड्यात नावाजला जातो तो यामुळेच.

बसलेल्या पाट्यांना 'कमान मारून' आणतात. पाटा लाल करून, ठोकून त्याला पुन्हा बाक दिला जातो. बाक येतो, पण तापवताना मूळचं पाणी उतरतं. नीट पाणी देऊन, मग ठरावीक तापमानाला परत तापवलं नाही, तर तो पाटा मोसंबीचे क्रेट भरून चार फेऱ्यांत पुन्हा बसतो. एकाच बाजूला कमान मारली असेल, तर कल पक्का. दुसरं तपासायचं ते सेंटर बोल्टचं डोकं. ते ॲक्सलवरच्या भोकात न बसता कडेवर चढलं, तर तेवढी उंची एका बाजूला वाढते आणि ॲक्सलही तिरका बसतो. यू-बोल्ट एकदा ताणले की ताणलेच, लिफ्टनंतर नवेच घालावेत.

उंची वाढल्यावर कल नसलेल्या गाडीतही काही गोष्टी बदलतात. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला एक दांडा मागे भार किती आहे ते ओळखून मागचा ब्रेक कमी-जास्त करतो. मागची बाजू दोन इंच उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीलाही मागचा ब्रेक कमी मिळतो. हेडलाइटचा झोत वर जातो. समृद्धी महामार्गाचा जालन्यातून जाणारा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. पाणंदीसाठी उंच केलेली गाडी दोन तासांनी त्या वेगाने जाते, तेव्हा तिचं वजन जमिनीपासून दोन इंच दूर गेलेलं असतं.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एमएच-२१ पाटीच्या गाडीवर किट चढवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घेणं स्वस्त पडतं.

आपल्या उदाहरणातली गाडी आता जमिनीवर आहे. बोल्ट सैल करून, दाबून, पुन्हा आवळले. राजूरच्या गणपतीपर्यंत जाऊन आली, त्याच फळ्यांवर उभी राहिली. पुढे उजवीकडे ५०९, डावीकडे ५१५; मागे उजवीकडे ५४४, डावीकडे ५४६. फरक पुन्हा सहा आणि दोन, लिफ्टच्या आधीचाच. पण पुढची उंची सरासरीने आठ मिलिमीटर उतरली. किटने दिल्यासारखी वाटलेली तेवढी उंची पिळवटलेल्या रबराची होती. मालकाला ती परत हवी असते. उस्ताद नको म्हणतात, ऑइलपेंटच्या डब्यात काडी बुडवतात आणि बोनेटच्या आतल्या बाजूला चार आकडे, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतात.